जुनी मारुती ८०० पुन्हा उभी करायची आहे? काम देण्याआधी एवढं वाचा

‘वडिलांची गाडी आहे, बरीच वर्षं उभी आहे, फक्त चालू करून द्या,’ असं म्हणत बहुतेक ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये येतात. गाडी चालू करणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त भाग. पैसा पत्र्यात जातो, डोकेदुखी कागदपत्रांची असते आणि वेळ खातात ते न मिळणारे पार्ट. याचा अंदाज आधीच आला तर काम अर्ध्यावर थांबत नाही आणि गाडी आमच्या शेडमध्ये धूळ खात पडत नाही. म्हणून हे पत्रक.

आम्ही कोल्हापुरात फक्त कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती ८०० आणि थोड्या झेन घेतो. बाकी गाड्यांसाठी शहरात चांगले मिस्त्री भरपूर आहेत, विचारलंत तर आम्हीच नाव सांगू.

तुमची ८०० कोणती?

पहिल्या ८००ची चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. गाडी मुळात सुझुकीची, जपानमधल्या एसएस ८० या मॉडेलवर बेतलेली. सुरुवातीच्या गाड्यांतले बरेचसे भाग थेट जपानहून येऊन गुडगावला जोडले जायचे. १९८६ मध्ये बॉडी बदलली आणि रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलेली ८०० आली. १९९७ मध्ये नाक गोलसर झालं, २०००च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद झालं. तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या.

पहिली चौकोनी गाडी, म्हणजे १९८३ ते ८६ची, घरात असेल तर तिचा तुटका दिवासुद्धा भंगारात घालू नका. संग्राहक तिच्या शोधात असतात आणि तिचे पार्ट पैसे मोजूनही मिळत नाहीत. नव्वदच्या दशकातली गाडी असेल तर स्पष्टच सांगतो: तिच्यावर घातलेला खर्च विकताना निघत नाही. आठवण म्हणून, हौस म्हणून करणार असाल तर जरूर करा. गुंतवणूक म्हणून करणार असाल तर आम्हीच तुम्हाला चहा पाजून परत पाठवू.

आधी कागद, मग पाना

गाडीला हात लावण्याआधी आम्ही आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मागतो. त्याचं कारण असं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, त्याला आपल्याकडे सगळे ‘पासिंग’ म्हणतात. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. मुदत उलटली की मोटारीला महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो, आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचा हा आकडा बघून लोक जागेवरच बसतात. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली. कार्बोरेटरची ८०० यात येतेच. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दर बदलत राहतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा परिवहन पोर्टलवर पाहूनच धरा.

१९८९च्या आधीच्या, म्हणजे एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीच्या जुन्या नंबरच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा संगणकात चढलेलीच नसते. आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घेतल्याशिवाय ना नूतनीकरणाचा अर्ज पुढे सरकतो, ना एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटी मिळते. हे काम मालकाने स्वतः किंवा एजंटामार्फत करायचं. आम्ही करत नाही, पण कुठले कागद लागतात ते सांगतो.

तीन गोष्टी आरसीशी ताडून बघा. पहिली, चेसिस नंबर. तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. त्या जागचा पत्रा गंजला असेल तर आरटीओला विचारल्याशिवाय आम्ही तिथे वेल्डिंगचा टॉर्चही नेत नाही. दुसरी, इंजिन नंबर. मधल्या काळात कोणी दुसरं इंजिन चढवलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर तपासणीत गाडी अडकते. तिसरी, रंग. पांढऱ्या गाडीला लाल रंग मारायचा असेल तर तो बदलही आरसीवर चढवावा लागतो. पूर्वी गॅस किट बसवलेलं असेल आणि आता काढायचं असेल, तर तेही कागदावरून काढून घ्यायचं.

‘व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का?’ असं अनेक जण विचारतात. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अगदी पहिल्या ८००लाही २०३३च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल.

पत्रा: सगळा हिशोब इथे ठरतो

सोलापूर-सांगलीकडची कोरड्या हवेतली गाडी आणि घाट चढून आलेली कोकणातली गाडी यांच्या पत्र्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ८००चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे पत्रा मुळातच पातळ. खाऱ्या हवेत तो आतून खातो, बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

वेंगुर्ल्याहून एक गाडी आली होती, नुकतीच रंगवलेली. मॅट उचललं तर खाली डांबरी शीट चिकटवलेली. शीटचा कोपरा उचकटला आणि ड्रायव्हरच्या पायाखालून शेडची फरशी दिसली. मालकांनी ती गाडी रंग बघून घेतली होती.

गाडी विकत घेणार असाल तर एक स्क्रू ड्रायव्हर आणि फ्रिजवरचं एक चुंबक खिशात ठेवा. चुंबक रुमालात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर, मागच्या चाकाच्या कमानीवर आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली असतील तर दार आतून कुजलंय असं धरून चाला. मग बॅटरीचा ट्रे, त्याच्या खालचा पत्रा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि डिकीत स्टेपनीखालचा खड्डा बघा. स्टेपनी उचलू न देणाऱ्या विक्रेत्याकडून गाडी घेऊ नका.

आमची पद्धत अशी: आतलं सगळं, म्हणजे सीट, मॅट, डॅशबोर्ड, ट्रिम, उतरवतो. गंजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापतो आणि नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडतो. गंजावर ठिगळ मारून वर लांबी भरणं आम्ही करत नाही, कितीही आग्रह केलात तरी. ठिगळाखाली ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत फुगवटे वर येतात. वेल्डिंग झाल्यावर सांध्यांवर सीलर, बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा आणि मग प्रायमर. पाणी निघायची भोकं आम्ही मोकळीच ठेवतो. नंतर कोणी अंडरकोटिंग मारताना ती बुजवली तर सगळं केलेलं पाण्यात.

पत्र्याच्या कामाचं कोटेशन म्हणूनच दोन टप्प्यांत देतो. पहिला आकडा बाहेरून पाहून, दुसरा आतलं सगळं उतरवल्यावर. दुसरा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो. तो पटला नाही तर उतरवण्या-बसवण्याची मजुरी देऊन गाडी परत न्या, आम्हाला राग येत नाही.

इंजिन: घाबरण्यासारखं फार नाही

७९६ सीसी, तीन सिलिंडर, साधारण सदतीस हॉर्सपॉवर. एफ८बी हे इंजिन सोपं आहे, आणि हेच कुटुंब ओम्नीत २०१९पर्यंत चालू होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट अजूनही बाजारात मिळतात. बोअरिंगसाठी, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेण्यासाठी, आपल्या उद्यमनगरासारखी जागा जवळ असणं हे कोल्हापूरकरांचं भाग्यच.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी धक्का मारून चालू करू नका. आधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने फिरवून बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आमच्याकडे आली की आम्ही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजतो. तीनपैकी एका सिलिंडरचा आकडा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजतो. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर वॉल्व्हचा. हेड उतरवायचं की पूर्ण इंजिन, ते इथे ठरतं. ‘धूर मारते’ एवढ्यावरून कोणी इंजिन उतरवायला निघालं तर आधी ही चाचणी मागा. नुसत्या वॉल्व्ह सीलवर काम भागल्याची उदाहरणं आहेत.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर आम्ही तो बदलतोच, विचारत नाही. थर्मोस्टॅटचंही तसंच. गाडी तापते म्हणून बऱ्याच मिस्त्र्यांनी तो काढून फेकलेला असतो. मग इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ते ऑईलमध्ये उतरतं. गाडी तापायचं खरं कारण बहुधा रेडिएटर तुंबणं किंवा पंख्याचा स्विच मरणं असतं. पाण्याऐवजी कूलंटच घाला. नळाच्या पाण्याने आतून गंज धरतो.

झेनवाल्यांसाठी एक वेगळी ओळ: तिच्या ९९३ सीसी इंजिनचा ब्लॉकच ॲल्युमिनियमचा आहे. काटा वर चढला की तिथल्या तिथे थांबा. ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणालात तर हेड वाकडं होतं.

पेट्रोल बदललंय, गाडी तीच आहे

हल्ली ग्राहकांच्या तक्रारी सगळ्यात जास्त इथून येतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ८०० बनली तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा ठिसूळ करतं. पेट्रोलचे होज (रबरी नळ्या), गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा), कार्बोरेटरची गॅस्केटं, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. ते हवेतली ओल धरतं, म्हणून अर्धी भरलेली टाकी उभ्या गाडीत आतून गंजते आणि तो गाळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) येऊन बसतो. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. मग गाडी सकाळी उचलत नाही, घाटात मिस मारते.

त्यामुळे आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला इथेनॉल सोसणारे नवे होज आणि नवा डायफ्राम घालतो, टाकी उतरवून आतून साफ करतो आणि कार्बोरेटर उघडून जेट, फ्लोटची पातळी, चोक सगळं पुन्हा बसवतो. पीयूसीच्या यंत्रावर लावूनच मिश्रण ठरवतो. या जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, आणि नीट लावलेली ८०० त्याच्या बरीच आत बसते. इथे एक विनंती. नीट चालणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू (मिश्रण कमी-जास्त करणारा) ‘ॲव्हरेजसाठी’ दुसरीकडे फिरवून घेऊ नका. गाडी महिन्यातून एकदाच निघत असेल तर टाकी भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी ठेवा.

पार्ट

इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे पार्ट मिळतात, १२ इंची टायरही मिळतात. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का मात्र बघा. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी जुना टायर नको. अडतं ते काचेचं रबर, दाराच्या पट्ट्या, डॅशबोर्ड आणि दिवे यांच्यापाशी, आणि पहिल्या मॉडेलच्या बाबतीत जवळजवळ सगळीकडेच. बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच डुप्लिकेट असतं. काचेच्या रबरात तर फरक लगेच कळतो: कोपऱ्यात ते ताणून बसवावं लागतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत येतं. म्हणून जुनं रबर धड असेल तर आम्ही तेच स्वच्छ करून परत बसवतो. उतरवलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून तुम्हाला परत देतो.

गाडी घरी गेल्यावर

इंजिन उघडलेलं असेल तर पहिल्या ५०० किलोमीटरला ऑईल बदलायला या, हे ऑईल आमच्याकडून. तोवर एसी जपून वापरा आणि घाटात गिअर पाडायला कंटाळू नका. उभी गाडी नुसती चालू करून बंद करण्यापेक्षा आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी वाळतं.

विम्याबद्दल: पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. कामाचे फोटो आणि बिलं आम्ही देतो, ती दाखवून घासाघीस करा. नाहीतर एवढा खर्च केलेल्या गाडीची कागदावरची किंमत नुसत्या भंगाराची राहील.

पत्र्याचं आणि रंगाचं काम आम्ही जून ते सप्टेंबर घेत नाही. आपल्याकडच्या पावसात प्रायमरखाली ओल राहते. त्या महिन्यांत इंजिन आणि वायरिंगची कामं चालू असतात. रंगकामाचं बुकिंग दसऱ्यानंतर. येताना आरसीची झेरॉक्स, असतील तर जुनी बिलं आणि गाडीचे दोन फोटो आणा: एक पुढून, आणि एक स्टेपनी काढून डिकीचा.