‘द केज’ आणि ‘द मेनॅजरी’: चित्रीकरण एकच, गोष्टी दोन

मूळ ‘स्टार ट्रेक’ ही साठच्या दशकातली अमेरिकी विज्ञानकथा मालिका पुन्हा बघायला घेतलेल्या मंडळींत कॅप्टन पाइकचा विषय निघाला की हमखास घोळ होतो. एक जण म्हणतो, पाइक शेवटी टॅलोस ग्रहावरच राहिला. दुसरा ठामपणे सांगतो, नाही, तो अंतराळ जहाजावर परत आला होता. दोघांचंही खरं असतं. एकाच्या डोक्यात ‘द मेनॅजरी’ असतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात ‘द केज’. वाद घालताना आपण दोन वेगळ्या कलाकृतींबद्दल बोलतोय हेच लक्षात येत नाही, कारण दोन्हींतली बरीचशी दृश्यं अगदी तीच आहेत.

आधी कोण कुठलं ते बघू. ‘द केज’ हा मालिकेचा पहिला पायलट, म्हणजे मालिका घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी आधी बनवलेला नमुना भाग. जीन रॉडनबेरी यांनी लिहिलेला, रॉबर्ट बटलर यांनी दिग्दर्शित केलेला आणि १९६४ च्या अखेरीस चित्रित झालेला. पुढच्या मालिकेतली ओळखीची पात्रं त्यात नाहीत: कर्क नाही, मॅकॉय नाही, उहुरा नाही. कॅप्टन आहे ख्रिस्तोफर पाइक, म्हणजे जेफ्री हंटर. त्याच्या खालोखाल ‘नंबर वन’ नावाची शांत, थंड डोक्याची स्त्री अधिकारी आहे. ही भूमिका मॅजेल बॅरेट यांनी केली. पुढे मालिकेत त्याच नर्स चॅपल झाल्या. आपल्या ओळखीचं त्यात एकच पात्र, स्पॉक. एनबीसी या अमेरिकी वाहिनीला हा पायलट फारच वैचारिक वाटला आणि त्यांनी तो नाकारला, पण पूर्ण दार न लावता दुसरा पायलट मागवला. हंटर परतले नाहीत, कॅप्टन कर्क म्हणून विल्यम शॅटनर आले आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली. ‘द केज’ कपाटात गेला.

‘द मेनॅजरी’ हा मालिकेतला दोन भागांचा एपिसोड, १७ आणि २४ नोव्हेंबर १९६६ रोजी दाखवलेला. तो जन्मला निकडीतून. दर आठवड्याला एक एपिसोड द्यायचा, स्पेशल इफेक्ट्सना वेळ लागतोय, तयार पटकथा संपत चाललेल्या. अशा वेळी हाताशी तासाभराचं, चांगला खर्च करून चित्रित केलेलं आणि प्रेक्षकांनी कधीच न पाहिलेलं काम पडून होतं. रॉडनबेरींनी त्याभोवती नवी गोष्ट विणली, मार्क डॅनियल्स यांनी ती चित्रित केली आणि जेमतेम एका एपिसोडच्या नव्या चित्रीकरणात दोन आठवड्यांची सोय झाली.

ही नवी गोष्ट अशी. तेरा वर्षांनंतरचा पाइक एका अपघातात किरणोत्साराने भाजला आहे. तो खुर्चीला खिळलेला आहे, बोलू शकत नाही. खुर्चीवरचा दिवा एकदा लागला तर ‘हो’, दोनदा लागला तर ‘नाही’, एवढीच त्याची भाषा. हंटर नसल्यामुळे हा भाजलेला पाइक शॉन केनी यांनी केला. स्पॉक खोटे आदेश तयार करतो, पाइकला पळवतो आणि एंटरप्राइज हे जहाज थेट टॅलोस ४ कडे वळवतो. त्या ग्रहाशी संपर्क साधला तर मृत्युदंडाची शिक्षा आहे. वाटेत स्पॉकवर कोर्ट मार्शल चालतं, आणि पुरावा म्हणून पडद्यावर जे दाखवलं जातं, ते म्हणजे ‘द केज’.

इथवरची माहिती बहुतेकांना असते आणि त्यावरून निष्कर्ष निघतो की ‘द मेनॅजरी’ म्हणजे जुन्या पायलटला लावलेली चौकट, किंवा उलट, ‘द केज’ म्हणजे ‘द मेनॅजरी’चा कच्चा मसुदा. मला हे दोन्ही पटत नाही. दोन्हींतला भास, म्हणजे टॅलोसवासी माणसाच्या मनात उभं करतात ते खोटं जग, एकच आहे, पण त्याकडे बघण्याची नजर पूर्ण उलटी आहे.

‘द केज’मधला पाइक थकलेला आहे. रायजेल ७ वरच्या चकमकीत त्याने माणसं गमावली आहेत. तो जहाजावरच्या डॉक्टरांपाशी राजीनाम्याची भाषा करतो, घरी जावं, घोडे बाळगावेत असं बोलतो. मग टॅलोसवासी त्याला पकडून नेमकं तेच देऊ करतात: घोडे, सहलीची दुपार, व्हिना नावाची सुंदर स्त्री, हवं ते सुख. आणि तो ते झिडकारतो. सुखाचा असला तरी पिंजरा तो पिंजराच, हा ‘द केज’चा कणा आहे. पाइक तिथून निघतो तो जगण्याची इच्छा परत मिळवून.

‘द मेनॅजरी’ तोच पिंजरा उचलते आणि म्हणते, ज्याच्यापाशी शरीरच उरलेलं नाही, त्याला हे दार उघडून देणं ही माया आहे. तेरा वर्षांपूर्वी जे नाकारणं धैर्याचं होतं, तेच आता स्वीकारणं शहाणपणाचं ठरतं. हे मांडण्यासाठी त्यांनी नवा युक्तिवाद लिहिला नाही. एका शॉटची जागा बदलली.

तो शॉट शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. ‘द केज’च्या शेवटी व्हिनाचं खरं रूप कळतं. अपघातग्रस्त जहाजातून ती एकटी वाचली, आणि माणूस कधीच न पाहिलेल्या टॅलोसवासींनी तिला जमेल तसं जोडलं. म्हणून ती परत येऊ शकत नाही. पाइकच्या विनंतीवरून तिला तिचं सौंदर्य परत मिळतं आणि सोबतीला पाइकचा एक भास मिळतो. ती दोघं हातात हात घालून खडकातल्या लिफ्टकडे चालत जातात. खरा पाइक हे बाहेरून बघत उभा असतो. टॅलोसवासींचा प्रमुख, कीपर, त्याला सांगतो की तिच्यापाशी भास आहे आणि तुझ्यापाशी वास्तव, तुझी वाटही तितकीच सुखाची होवो.

‘द मेनॅजरी’मध्ये हे तिथे येतच नाही. दृश्य आधीच तोडलं आहे. ती चाल अगदी शेवटासाठी राखून ठेवली आहे: पाइकची खुर्ची ग्रहावर पोचल्यानंतर कर्कला पडद्यावर हीच दोघं चालत जाताना दिसतात. फिल्मची पट्टी तीच. पण ‘द केज’मध्ये त्या पट्टीतला पाइक खोटा होता आणि व्हिना खऱ्या अर्थाने एकटी होती. इथे तो पाइक खरा आहे, फक्त शरीर भासाचं. वाक्यही तेच, जरासा बदल करून आता कर्कला उद्देशून. कॅप्टन पाइकपाशी भास आहे, तुझ्यापाशी वास्तव. एकाही नव्या फ्रेमशिवाय व्हिनाचा एकटेपणा संपवला आहे. संकलनातून एवढं मोठं काम झालेलं मला त्या काळच्या टीव्हीवर दुसरं आठवत नाही. विज्ञानकथांसाठीचा १९६७ चा ह्यूगो पुरस्कार या दोन भागांना मिळाला, आणि तो योग्य जागी गेला असं मी मानतो.

अर्थात ‘द मेनॅजरी’वर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळू नये. खुर्चीतलं आयुष्य जगण्यालायकच नाही, असं ती गृहीत धरते. आज पुन्हा बघताना हे खटकतं, खटकायलाच हवं. मात्र चर्चेत एक तपशील राहून जातो. सुरुवातीला स्पॉक आपला बेत सांगतो तेव्हा पाइकचा दिवा पुन्हा पुन्हा दोनदा लागतो. नाही, नाही. स्पॉकचा जीव धोक्यात घालायला तो तयार नाही. शेवटी कर्क त्याला थेट विचारतो, तुला तिथे जायचंय का? तेव्हा दिवा एकदाच लागतो. निवड त्याची आहे एवढं तरी गोष्ट सांभाळते. स्पॉकने मात्र ते आधी विचारलं नव्हतं.

स्पॉकचं हसूही असंच. एरवी भावनाशून्य म्हणून ओळखला जाणारा स्पॉक ग्रहावर गुणगुणणाऱ्या निळ्या पानांना हात लावून चक्क हसतो. हे दृश्य दोन्हींत आहे. ‘द केज’मध्ये त्याचा अर्थ एवढाच की लेनर्ड निमॉय यांना पात्र अजून सापडायचं होतं, भावनाशून्यपणा तेव्हा नंबर वनच्या वाट्याला होता. ‘द मेनॅजरी’त आल्यावर तेच हसू तेरा वर्षांपूर्वीच्या, कोवळ्या स्पॉकचं होतं.

मधूनच बघायला लागलात तर ओळखायचं कसं? कोर्टाची खोली दिसली की प्रश्न मिटला. नाही तर कान द्या. कीपरला आवाज मॅलाकाय थ्रोन यांचा होता आणि ‘द मेनॅजरी’त तेच कोर्टातले कमोडोर मेंडेझ म्हणून समोर बसलेले असल्यामुळे कीपरच्या आवाजावर प्रक्रिया करून तो बदलावा लागला.

घोळाचं एक कारण तांत्रिकही आहे. ‘द मेनॅजरी’ बनवताना ‘द केज’ची रंगीत निगेटिव्हच कापली गेली. रॉडनबेरींपाशी उरली होती एक कृष्णधवल प्रिंट. १९८६ मध्ये व्हिडिओ कॅसेट आली ती मिश्र: ‘द मेनॅजरी’त वापरलेला भाग रंगीत, बाकीचा काळापांढरा. कापलेले रंगीत तुकडे नंतर सापडले आणि १९८८ मध्ये पूर्ण रंगीत ‘द केज’ टीव्हीवर दाखवला गेला. त्यामुळे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकांना ‘द केज’ स्वतंत्रपणे भेटण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. नंतरच्या पिढीला तो कधी भागांच्या यादीत पहिला, तर डीव्हीडी संचात तिसऱ्या सीझनच्या शेवटी सापडला.

२०१९ मध्ये ‘डिस्कव्हरी’ या नव्या स्टार ट्रेक मालिकेच्या दुसऱ्या सीझनने पाइकला परत आणलं, अॅन्सन माउंट यांच्या रूपात, आणि त्याला स्वतःचं भविष्य दाखवलं. २०२२ पासूनच्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’मध्ये तो ती खुर्ची मनात घेऊनच जगतो. हा सगळा धागा ‘द मेनॅजरी’चा आहे; ‘द केज’च्या पाइकला असलं काही ठाऊक नाही.

क्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदाच मालिका बघणाऱ्याला ‘द केज’ने सुरुवात करायला लावू नका. ‘द मेनॅजरी’ प्रसारणाच्या क्रमात अकरावा आणि बारावा भाग आहे. तोवर स्पॉकची आणि कर्कची ओळख पुरती झालेली असते, त्यामुळे स्पॉक कर्कला फसवतो ते खरोखर लागतं. पुन्हा बघणाऱ्यांनी मात्र उलटं करावं: एका रात्री ‘द केज’, दुसऱ्या रात्री ‘द मेनॅजरी’चे दोन्ही भाग सलग, आणि लिफ्टकडे जाणाऱ्या त्या दोघांच्या शॉटपाशी थांबून आधीचा शेवट पुन्हा लावून बघावा.