हताशा मेंदूला शिकवावी लागत नाही

पुण्यात सध्या आनंदाच्या शिबिरांचं पीक आलंय. कर्वे रस्त्यावरून जाताना अशाच एका फलकावर सेरोटोनिन वाढवून दुःख घालवण्याची हमी वाचली. सेरोटोनिन म्हणजे आनंदाचं रसायन, हे आपल्याला आता पाठच झालंय. पण संकटात जीव का खचतो, यावर जे सर्वांत चिकाटीचं संशोधन झालं, त्यात सेरोटोनिनचं काम जवळजवळ उलटं निघालं.

१९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज वाचतानाही ते क्रूर वाटतात. झोळीत अडकवलेल्या कुत्र्याला विजेचा झटका बसे. डोक्याने बाजूची पट्टी दाबली की तो थांबे. दुसऱ्या कुत्र्याला तितकेच आणि तेवढाच वेळ झटके बसत, पण त्याची पट्टी निकामी होती. पुढच्या चाचणीत बुटकी आडकाठी ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून मोकळी झाली. दुसऱ्या गटातली बहुतेक कण्हत पडून राहिली. निष्कर्ष निघाला, की हताशा शिकली जाते.

मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळले आणि उंदरांवर काम करू लागले. मेंदूच्या देठात डॉर्सल राफे नावाचा पेशींचा पुंजका असतो. सेरोटोनिन पुरवणाऱ्या मुख्य केंद्रांपैकी तो एक. त्रास लांबला की या पेशी उत्तेजित होतात आणि भीतीशी संबंधित भागांत भरपूर सेरोटोनिन सोडतात. त्याने भीती वाढते आणि सुटकेची धडपड मंदावते. यासाठी काही शिकावं लागत नाही. लांबलेल्या त्रासाला मेंदू मुळातच असा प्रतिसाद देतो.

त्याला लगाम घालतो तो कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा आतल्या बाजूचा भाग. आपल्या कृतीने त्रास थांबतोय हे त्याला कळलं, की तो राफेला शांत करणारा संदेश पाठवतो. २००५ साली मायर यांच्या गटाने हा भाग औषधाने तात्पुरता बंद केला. उंदीर तरीही चाक फिरवून झटका थांबवत होते. सुटका होत होती, चाक नीट फिरत होतं, पण नंतर ते हताश उंदरांसारखेच वागले. नुसती सुटका पुरली नाही. ती आपण केली याची नोंद मेंदूत व्हावी लागते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या उंदरांना आधी असं नियंत्रण मिळालं होतं, ते पुढे ज्यावर काहीच इलाज नाही असे झटके बसूनही खचले नाहीत.

२०१६ साली सेलिगमन आणि मायर यांनी आपला जुना सिद्धान्त स्वतःच उलटा केला. खचणं ही मूळ अवस्था. शिकली जाते ती 'माझ्या हातात काहीतरी आहे' ही जाणीव.

उंदराचं सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही. आणि हे वाचून कुणी नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्यांचं काम कसं चालतं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण सेरोटोनिनच्या नावाने पावडर किंवा नशिबाच्या नावाने खडा विकणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. खड्याने तर आपल्या हातातलं आहे तेही ग्रहांच्या हाती जातं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. अशा आपत्तीनंतर मदत कशी करावी, याची पाच सूत्रं २००७ साली मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी मांडली: सुरक्षितता, मन शांत होणं, स्वतःच्या आणि समूहाच्या क्षमतेची जाणीव, माणसांशी जोडलेपण आणि आशा. यातलं तिसरं आपण नेहमी विसरतो. पूरग्रस्ताला नुसतं रांगेत बसवून पाकिटं वाटण्यापेक्षा वाटपाच्या कामात घेतलं तर ते सूत्र पाळलं जातं. घरातल्या आजारी माणसाचंही तेच. त्याचं सगळं आपणच करायचं आणि जेवायची वेळही आपणच ठरवायची, ही माया त्याच्या हातातलं उरलंसुरलंही काढून घेते.

त्या खचलेल्या कुत्र्यांना हाका मारून, खाऊचं आमिष दाखवून उपयोग झाला नव्हता. गळ्यात दोरी बांधून त्यांना आडकाठीपलीकडे पुन्हा पुन्हा ओढावं लागलं, तेव्हा कुठे ती आपण होऊन सुटका करून घेऊ लागली. माणसाला असं ओढायचं नसतं. पण नैराश्यावरच्या एका मान्य उपचारपद्धतीत 'पॉझिटिव्ह विचार कर' इथून सुरुवात होत नाही. आधी वेळेवर आंघोळ, सारसबागेपर्यंत एक फेरी, एखादा राहिलेला फोन अशी छोटी कामं ठरवतात आणि मन लागत नसलं तरी ती करायची असतात. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर ही कामं मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने ठरवावीत. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.