मदुरा पाय: आधी दाणा तपासा

अनवाणी शेतात काम करताना काटा रुततो आणि विसरलाही जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्याच जागी टणक गाठ येते. ती सहसा दुखत नाही, म्हणून दवाखाना लांबणीवर पडतो. घात होतो तो इथेच. पुढे पाय सुजतो, त्वचेला भोकं पडतात, एक बुजलं की शेजारी दुसरं उघडतं आणि पुवातून रव्यासारखे दाणे येतात. हा मायसेटोमा, म्हणजेच मदुरा पाय.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकात या रोगाचा बारकाईने अभ्यास केला आणि तो बुरशीचा मानला. पण पुष्कळ रुग्णांत कारण असतात नोकार्डिया, अॅक्टिनोमड्युरा यांसारखे तंतुमय जिवाणू. हा फरक पाय वाचवणारा आहे: जिवाणूंचा प्रकार बहुधा औषधांनीच बरा होतो. बुरशीवरची गोळी त्यावर चालत नाही.

दाण्याचा रंग पहिली खूण देतो. काळा दाणा बुरशीचा, लाल बहुधा जिवाणूचा. पांढरा-पिवळसर मात्र दोन्हींचा असू शकतो, आणि नोकार्डियाचे दाणे तर डोळ्यांना दिसतीलच असं नाही. भोकावरचा पू कापसाच्या काडीने घेऊन पाठवू नये. त्यात नंतर शिरलेले भलतेच जंतू वाढतात. खोलवरचा तुकडा काढून त्याचे दोन भाग करावेत: एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी फॉर्मेलिनमध्ये, दुसरा कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) निर्जंतुक सलाईनमध्ये. सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर हातचं जातं. ग्रॅम रंगात (जंतू दिसावेत म्हणून लावतात त्या रंगात) जिवाणूंचे तंतू सुमारे १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या जाडीचे दिसतात, बुरशीचे त्याहून जाड. हे जिवाणू सावकाश वाढतात, म्हणून ‘कल्चर किमान चार आठवडे ठेवा’ असं प्रयोगशाळेला लिहून कळवावं. हाडापर्यंत रोग पोचलाय का, ते एक्स-रे किंवा एमआरआय सांगतो.

जिवाणूंच्या प्रकारात उपचाराचा कणा को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या. रोग पसरलेला असेल तर जोडीला अमिकासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची इंजेक्शनं, अनेकदा तीन आठवड्यांच्या फेऱ्यांत. अमिकासिन मूत्रपिंड आणि कान दोन्हींना इजा करू शकतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि श्रवणचाचणी सुरुवातीलाच आणि पुढेही करावी. कानाची हानी बहुधा भरून येत नाही. गोळ्यांमुळे पुरळ उठलं किंवा तोंड आलं तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

भोकं बुजली की रुग्ण औषध सोडतो, आणि आत उरलेले दाणे काही महिन्यांनी रोग परत आणतात. जखमा भरल्यावरही गोळ्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. त्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टर तपासून ठरवतात.