डोंगराळ प्रदेशातील मायक्रोलाइट विमान अपघात

मायक्रोलाइट म्हणजे एका किंवा दोघांना नेणारे, एका छोट्या इंजिनावर चालणारे अतिशय हलके विमान. माणसे आणि इंधन धरून दोन आसनी विमानाच्या वजनाची रूढ मर्यादा बराच काळ ४५० किलो होती; काही देशांनी ती आता ६०० किलोपर्यंत वाढवली आहे. काही मायक्रोलाइट नेहमीच्या विमानासारखी दिसतात. ‘ट्राईक’ हा दुसरा प्रकार. त्यात कापडी त्रिकोणी पंखाखाली तीनचाकी बैठक टांगलेली असते आणि वैमानिक दांडा डावी-उजवीकडे ढकलून स्वतःचे वजन सरकवत विमान वळवतो. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वेगातही मायक्रोलाइट तरंगते. म्हणून सपाट मुलखात इंजिन बंद पडले तरी एखाद्या मोकळ्या शेतात उतरता येते. डोंगरात हाच हलकेपणा जिवावर बेततो.

इंदूरकरांना हे समजायला लांब जायला नको. शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. महूच्या पुढे पठार संपते आणि विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्यात तीन-चारशे मीटर उतरतो. पावसाळ्यात इथल्या मराठी घरांतून पाताळपाणी किंवा जानापावची सहल ठरलेली असते. कड्याशी उभे राहिले की खालून येणारा वारा छत्री उलटी करतो. नैर्ऋत्येचा वारा कड्याला अडून वर चढतो, तोच हा झोत. हिवाळ्यात वारा उत्तरेचा झाला की सगळे उलटते. पठारावरून आलेली हवा काठावरून खाली कोसळते आणि आडोशाच्या बाजूला भोवऱ्यासारखी लोळते.

अशा दिवशी खोऱ्यातून इंदूरकडे परतणाऱ्या मायक्रोलाइटची कल्पना करावी. त्याला चारशे मीटर चढायचे आहे. सेकंदाला दोन मीटर चढ आणि ताशी ९० किलोमीटर वेग धरला, तर स्थिर हवेत त्याला सव्वातीन मिनिटांहून जास्त वेळ आणि पाच किलोमीटर अंतर लागेल. पण समोरची हवाच सेकंदाला दोन मीटरने खाली येत असेल तर चढ शून्य होतो. इंजिन पुरा जोर लावत असते, विमानाचे नाक वर असते, तरी कडा वरवर सरकताना दिसतो. वैमानिक नाक आणखी उचलतो, वेग घटतो, आणि मग वळायचे सुचते.

बहुतेक वेळा घात होतो तो या वळणात. ताशी ९० किलोमीटर वेगाने ३० अंश कलून मागे फिरायला सुमारे २२० मीटर रुंदी लागते. घळ अरुंद असेल तर वैमानिक जास्त कलतो. उंची राखून ६० अंश कलल्यावर विमानाला तरंगायला लागणारा किमान वेग १.४ पट होतो, म्हणजे ६५चा ९२. ताशी ९०ने चाललेले विमान तिथे उचल गमावते आणि एका पंखावर कोसळते. सावरायला खाली जागा उरलेली नसते. ट्राईकला वेगळा धोकाही आहे. भोवऱ्यात सापडून ते कोलांटले तर पंखाच्या नळ्याच मोडतात.

उन्हाळा यात भर घालतो. ४२ अंशांच्या दुपारी इंदूरची हवा इतकी विरळ होते की विमान १,७०० मीटरवर असल्यासारखे वागते. साध्या इंजिनाची शक्ती सहाव्या हिश्श्याने घटते, इंजिनाच्या पंख्याची (प्रोपेलरची) आणि पंखांची पकडही सैल होते. म्हणून जाणते वैमानिक सकाळीच उडतात. डोंगराची धार ओलांडताना किमान ३०० मीटर उंची हाताशी ठेवतात आणि धारेकडे सरळ न जाता ४५ अंशांत तिरके जातात, म्हणजे माघार घ्यायला अर्धेच वळण पुरते.

हे फक्त मायक्रोलाइटपुरते नाही. विक्रमवीर स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात मारले गेले. त्यांच्या विमानाला १८० अश्वशक्तीचे इंजिन होते. विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा खाली येणारी हवा जोरकस ठरली, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. अवशेष सापडायला वर्षाहून अधिक काळ लागला. आपल्याकडे १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळले आणि दोघांचा जीव गेला. अशा बातम्यांत ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द फार लवकर येतात. चूक असते, पण ती अनेकदा शेवटच्या वळणाआधी कित्येक मिनिटे, खोऱ्यात शिरतानाच झालेली असते.

या विमानांत सहसा ब्लॅक बॉक्स नसतो. तपास करणारे पंख्याच्या पात्यांचा वाक पाहून इंजिन चालू होते का ते ठरवतात, जीपीएस आणि मोबाइलमधून मार्ग जुळवतात. विमान कुठे पडले ते उपग्रहांमार्फत कळवणारे संकटसूचक यंत्र ४०६ मेगाहर्ट्झचे असावे लागते. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या यंत्रांकडे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून लक्ष देणे बंद केले आहे.

घाटात विमान पडले तर अवशेषांपाशी आधी पोचतात ते गुरे चारणारे आणि जवळच्या पाड्यांतले लोक. काही मायक्रोलाइटमध्ये संपूर्ण विमान तोलणारी हवाई छत्री असते आणि ती छोट्या रॉकेटने बाहेर फेकली जाते. कमी उंचीवर ती उघडायला वेळच मिळत नाही, आणि न उडालेले रॉकेट अवशेषांत तसेच राहते. त्याजवळ इशाऱ्याची त्रिकोणी खूण चिकटवलेली असते. ती दिसली तर त्या नळीच्या तोंडासमोर उभे राहू नये आणि आतला दांडा किंवा तार ओढू नये. जखमींना बाजूने बाहेर काढावे.