दंडातल्या धमन्यांचे वेगळे मार्ग : पार्श्वभूमी

ब्रेकियल (दंडातली मुख्य) धमनी कोपरापाशी रेडियल (अंगठ्याकडची) आणि अल्नर (करंगळीकडची) अशी दुभंगते, हे चित्र सगळ्या हातांना लागू पडत नाही, हे 1844 मध्येच छापून आले होते. हजाराहून अधिक देहांच्या विच्छेदनावरून लंडनमध्ये निघालेल्या त्या चित्रसंग्रहात दंडात वरच फाटा फुटलेले हात आहेत. 1953 मध्ये अमेरिकेत 750 हात तपासले, तेव्हा मोठ्या धमन्यांची रचना सुमारे साडेअठरा टक्क्यांत वेगळी निघाली.

खरा घोळ नावांचा. रेडियल दंडातूनच निघाली, की कोणी त्याला ‘रेडियलचा उंच उगम’ म्हणे, कोणी ‘ब्रेकियलचे उंच विभाजन’. ती मिडियन नर्व्हच्या (दंडातून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूच्या) पुढून उतरली, तर कोणी ‘सुपरफिशियल (वरवरची) ब्रेकियल’. पहिली दोन नावे फाटा कुठे फुटला तेवढेच सांगतात, तिसरे फक्त नर्व्हशी नाते. त्यामुळे एकच हात एका यादीत एका रकान्यात, दुसऱ्या यादीत भलत्याच रकान्यात गेला आणि टक्केवारी जुळेना. 2001 मध्ये 384 हातांच्या अभ्यासाने दंडातून निघून रेडियल म्हणून पुढे जाणारीला ‘ब्रेकिओरेडियल’ म्हटले. नर्व्हच्या पुढून येऊन कोपराशी नेहमीसारखी दुभंगणारी तेवढी ‘सुपरफिशियल ब्रेकियल’, आणि मुख्य धमनीला पुन्हा मिळणारी ‘अॅक्सेसरी (जोड) ब्रेकियल’. हीच मांडणी कामाची, कारण नावातच मार्ग कळतो. या मोजणीत ब्रेकिओरेडियल सुमारे 14 टक्के हातांत होती. कॅथलॅबच्या (हृदयाच्या धमन्या तपासण्याच्या खोलीच्या) रिपोर्टात मात्र अजून ‘हाय ओरिजिन’ (उंच उगम) एवढेच लिहितात.

1989 मध्ये मनगटातल्या रेडियलमधून कोरोनरी अँजिओग्राफी (हृदयाच्या धमन्यांचे चित्रण), 1992 पासून अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी रुंद करणे) सुरू झाली आणि हा विषय विच्छेदनगृहातून थेट टेबलावर आला. ब्रेकिओरेडियल बारीक आणि लांब असते. कॅथेटर (आत सरकवायची बारीक नळी) रगडला की ती आखडते, रुग्णाचा दंड दुखतो. 0.035 इंची वायर अडली की ढकलू नये. पातळ केलेला डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) हाताने हळू सोडून मार्ग पाहावा, 0.014 इंची वायरने पुढे जावे, 5 फ्रेंच (जाडीचे माप) कॅथेटर घ्यावा. जोर लावला तर फांदी फुटते आणि कोपराखाली रक्त साकळते.

सलाईन लावताना धोका सुपरफिशियल अल्नरचा, म्हणजे वरच फुटून वरवर उतरणाऱ्या अल्नरचा. ती कोपरापुढे कातडीलगत असते आणि शीर म्हणून टोचली जाते. टुर्निकेट (दंडावरचा पट्टा) बांधण्याआधी बोटाने ठोका पाहावा; नंतर तो हरवू शकतो.

डायलिसिसच्या फिस्चुलाआधी (धमनी आणि शीर जोडण्याआधी) सोनोग्राफीचा प्रोब दंडाच्या मध्यावर आडवा धरावा. दोन धमन्या दिसल्या तर दोन्हींचा वर काखेपर्यंत आणि खाली कोपरापर्यंत माग काढून दोघींचा व्यास रिपोर्टात लिहावा. बारीक धमनीवर जोड दिला तर प्रवाह अपुरा पडतो.