मत्स्यपेटीतील पाणीबदल

फिशटँकमधले काही पाणी ठरावीक दिवसांनी काढून तेवढेच नवे भरणे म्हणजे पाणीबदल. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात व तळच्या खडीत वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट पेटीतच साचत जाते. ते कमी करायचा साधा उपाय पाणीबदल हाच.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ ५७ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटरच्या आसपास. आठवड्याला पाव भाग बदलायचा, म्हणजे ११-१२ लिटर, जेमतेम एक बादली. हे काम वीस-पंचवीस मिनिटांचे. खानदेशात खरी मेहनत असते ती बादलीभर पाणी तयार ठेवण्याची. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येते तिथे आल्याबरोबर माशांची बादली वेगळी भरावी आणि २४ तास उघडी ठेवावी. क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या मापाने टाकावेत. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते जड असते. शिवारातल्या विहिरीच्या पाण्यात खतांमुळे आधीच नायट्रेट असू शकते, तेव्हा एकदा टेस्ट किटने तपासलेले बरे.

आधी हीटर व फिल्टरचे बटण बंद करावे. नळी पाण्याने भरून, दोन्ही टोके अंगठ्याने दाबून सायफन सुरू करावा. तोंडाने ओढू नये. नळीचे टोक खडीत थोडे खुपसले की तळची घाण धुरासारखी वर येऊन नळीत जाते. एका वेळी अर्धाच तळ साफ करावा. स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला, वर पाणीही सगळे बदलले, तर जीवाणू मरतात. दोन-चार दिवसांत पाणी दुधाळ होते आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा वेळी खाद्य बंद करून रोज पाव भाग पाणी बदलावे.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात भाजेल इतके तापते, म्हणून पाणी पहाटे घ्यावे. जुन्या-नव्या पाण्यात दोन अंशांहून जास्त फरक नको. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे एअरपंप दिवसरात्र चालू हवा. या दिवसांत पातळी झपाट्याने उतरते. वरील पेटीत एक इंच म्हणजे साधारण साडेचार लिटर. नुसती भर घालणे म्हणजे पाणीबदल नव्हे: वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. कूलरच्या जाळीवर धरतो तोच पांढरा थर मग काचेवर, पाण्याच्या रेषेला दिसू लागतो. तो व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसावा, पण पेटी रिकामी असतानाच.

काढलेले पाणी कुंड्यांना चालते. मीठ किंवा औषध घातलेले असेल तर मात्र मोरीत ओतावे.