साधू, अरुण

साधू, अरुण : (१७ जून १९४१ – २५ सप्टेंबर २०१७). मराठी पत्रकार आणि कादंबरीकार. जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे. पुण्याच्या ‘केसरी’तून त्यांनी पत्रकारितेला आरंभ केला, पुढे मुंबईत इंग्रजी वृत्तपत्रांत दीर्घकाळ वार्ताहर म्हणून काम केले आणि ‘फ्री प्रेस जर्नल’चे संपादकपदही सांभाळले. बातमी इंग्रजीत आणि ललित लेखन मराठीत, अशी विभागणी त्यांनी अनेक वर्षे निभावली. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकातील त्यांच्या लेखनाने चीन व क्यूबा येथील क्रांत्यांचा इतिहास मराठी वाचकापर्यंत ओघवत्या शैलीत पोहोचवला.

‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी मराठीतील राजकीय कादंबरीला नवे वळण दिले. मंत्रालय, आमदारांचे गट, कामगार संघटना, तस्कर आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या यांच्यातील देवघेव त्यांनी बातमीदाराच्या नजरेने टिपली. मात्र बातमीत ज्याला जागा नसते, ते पात्रांचे भय, त्यांचा हव्यास आणि एकाकीपण कादंबरीत मध्यभागी आले. सत्तेतील माणसांना सरसकट खलपुरुष न ठरवता, ती ज्या यंत्रणेत अडकलेली असतात ती यंत्रणाच उघड करणे, हे या लेखनाचे खरे सामर्थ्य होय. सर्व काही ठाऊक असूनही काही बदलू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस हे त्यातील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र आहे. या दोन कादंबऱ्यांवर आधारित ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती आणि दिगूची भूमिका निळू फुले यांनी केली.

राजकीय कादंबरीकार ही ओळख पक्की झाल्यामुळे त्यांच्या इतर लेखनाकडे काहीसे दुर्लक्ष झाले. रेल्वे फलाटांवर बूटपॉलिश करून जगणाऱ्या मुलांची ‘झिपऱ्या’ ही कादंबरी त्याच महानगराचा तळ दाखवते आणि तितक्याच गांभीर्याने वाचली जावी अशी आहे. ‘बहिष्कृत’, ‘स्फोट’, ‘मुखवटा’ या त्यांच्या अन्य कादंबऱ्या.

पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे ते प्रमुख होते. २००७ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०१५ मध्ये त्यांना जनस्थान पुरस्कार मिळाला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.